पाच पॉइंट चार

सोलापुरातल्या त्या चादरीच्या कारखान्यात वीरभद्रप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरुणपणी ते नक्षीच्या मागांसाठी पुठ्ठ्यांवर भोकं पाडायचे. एक भोक चुकलं की मोराची मान मोडायची. पुढे कॉम्प्युटर आला, तर पन्नाशीत तोही शिकले.

त्या कॉम्प्युटरमधलं जुनं कार्ड मागांना नक्षी पुरवायचं, पण ते चालायचं एकाच कर्नेलवर, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या पाच पॉइंट चार या एकाच आवृत्तीवर. एकदा तो गाभा आपोआप बदलला आणि दिवसभराच्या चादरी वाया गेल्या. तेव्हापासून रोज सकाळी वीरभद्रप्पा एका ओळीची कमांड द्यायचे, पडद्यावर येणारा आवृत्तीचा आकडा मोठ्याने वाचायचे, शेजारी बसणारी शिवलीला तो वहीत लिहायची. मगच माग सुरू.

"पाच पॉइंट चार."

गेले चार महिने मात्र ते वाचतच नव्हते. नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता. कमांड बोटांना पाठ, आकडा जिभेला पाठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोलाही, चन्नम्मालाही, त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. ही खुर्ची गेली तर आपण कोण, हीच भीती.

सोमवारीही ते म्हणाले, "पाच पॉइंट चार."

शिवलीलाचं पेन हललं नाही. "काका, परत एकदा बघा की," ती हळूच म्हणाली.

त्यांनी मान पुढे घातली. डागच दिसला.

दारातून मुकादम भीमानं विचारलं, "चालू करू का, काका?"

'हो' म्हटलं असतं तर गुपित झाकलेलंच राहिलं असतं. पण मोडलेल्या नक्षीची चादर त्यांनी जन्मात बाहेर जाऊ दिली नव्हती.

"थांब," ते म्हणाले. मग शिवलीलाकडे वळले. "मला दिसत न्हाय, पोरी. चार महिने झाले. तू वाच."

"पाच पॉइंट पंधरा." ती थांबली. "मला ठाव हुतं, काका. मी रोज पडद्यावर बघूनच लिवत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज बरोबरच सांगत हुता की."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. गाभा पुन्हा आपोआप बदलला होता, पण जुना कर्नेल कॉम्प्युटरमध्ये अजून होता; कॉम्प्युटर परत चालू होताना तो कसा निवडायचा, ते एकेक पायरी सांगत गेले आणि ती करत गेली. शेवटी रोजची कमांडही त्यांनीच सांगितली.

"पाच पॉइंट चार," शिवलीलानं वाचलं.

वीरभद्रप्पांनी चाचपडत वही ओढली आणि अंदाजानेच, वाकड्या ओळीत, तो आकडा लिहिला.

"भीमा, चालव."