स्टुलावरचा ड्रायव्हर

"हार्न! हार्न!"

दोन्ही हातांवर फायलींचा ढीग, वरून हनुवटीनं दाबून धरलेला, आणि आमच्या दफ्तराच्या अरुंद व्हरांड्यातून हा माणूस असं ओरडत यायचा. बाजूला व्हा, असं त्यानं कधी म्हटलं नाही. वळणावर खांदा कलता करायचा आणि साहेबाच्या दारापाशी आला की तोंडानं ब्रेकचा आवाज काढायचा. फायली आत देऊन बाहेरच्या स्टुलावर बसायचा. तो बसला तरी हात बसायचे नाहीत. समोर हवेत स्टेअरिंग धरलेलं आणि डावा पाय क्लचवर.

तुम्ही सरकारी दफ्तरात गेला असाल तर असा स्टुलावरचा माणूस बघितलाच असेल. बघितला म्हणजे, त्याला ओलांडून आत गेला असाल. मी ह्याला नीट बघितला, कारण परभणीला त्याच दफ्तराची जीप मी चालवायचो, आणि साहेब आत असला की मलाही त्याच भिंतीला टेकून दिवस काढावा लागायचा. सत्तर सालानंतरची ती वर्षं. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं कुणी त्याला नावानं हाक मारली नाही, आता मी छापून काय उपकार करणार?

कारकून त्याला 'मुन्शी' म्हणायचे, ते चेष्टेनं. निजामाच्या राज्यात तो गावच्या मदरशात चौथी शिकला, उर्दूतून. पुढं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, आणि ह्याची चौथी पाण्यात गेली. मराठी बोलायचा, पण वाचता येत नव्हती. हे कळू नये म्हणून फायली फितीच्या रंगावरून ओळखायचा. टेबलावर ठेवताना मात्र हमखास पालथ्या ठेवायचा. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्याच्या हाताला तीच सवय.

"मुन्शी, ही फाईल कुठून वाचू? मुंडक्याकडून का शेपटाकडून?" मोठे बाबू विचारायचे.

"कुठूनबी वाचा बाबू, खाली सही साहेबाचीच हाय."

सगळे हसायचे. तोही हसायचा आणि मग स्टुलावर जाऊन गाडी चालवायचा.

मी एकदा म्हटलं, "बसून पगार मिळायलाय की तुला. ड्रायव्हर होऊन काय धूळ खायचीय?"

"उस्ताद, दिवसभर दुसऱ्याच्या दाराकडं बघायलोय मी. घंटी वाजली की उठायचं, न्हाई वाजली की बसायचं. ड्रायव्हरला पगार बरा, वर भत्ता. अन् संध्याकाळी घरी इचारलं, आज कुठं गेलता, तर गावाचं नाव सांगता येतंय. मी काय सांगू? स्टुलावर गेलतो?"

त्या दिवसापासून साहेबाला डाक बंगल्यावर सोडलं की दुपारी मी ह्याला पाथरीच्या रस्त्यावर न्यायचो, मोकळ्या माळावर चाक हातात द्यायचो. गाडी तो कानानं चालवायचा. मी चालवत असलो तरी शेजारून म्हणायचा, "कण्हायलीय ती, उस्ताद. दुसऱ्यात टाका." आणि खरंच ती दुसऱ्यात टाकायची वेळ झालेली असायची. वर्षभरात त्यानं लायसनही काढलं. ते कसं काढलं, ते विचारू नका.

विचारू नका म्हणतो, कारण त्याचा उजवा डोळा अधू होता. लहानपणी ज्वारीच्या मळणीत त्यात कुसळ गेलं होतं. त्या डोळ्याला माणूस दिसायचा, माणसाचं तोंड दिसायचं नाही.

मग आमच्या खात्यात ड्रायव्हरची एक जागा निघाली. वयाच्या अटीत तो त्याच सालापुरता बसत होता. साहेबानं अर्ज पुढं पाठवला, मी सगळ्या उमेदवारांना गाडी चालवून दाखवायला लावली, त्यात तो पहिला आला. राहिली ती फक्त डोळ्यांची तपासणी. दवाखान्यात भिंतीवर अक्षरांची पाटी असते, ती लांबून वाचायची. मी माझ्या वेळी वाचली होती. दवाखान्यात साहेबाचं औषध आणायला गेलो तेव्हा पाटी डोळ्यांत साठवून आलो आणि कागदावर उतरवली.

हो, आम्ही लबाडी केली. लपवून काय करू?

पाठ करून घ्यायचं काम माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. ती तिसरी शिकलेली. रोज दफ्तर सुटलं की तो आमच्या चुलीपुढं येऊन बसायचा. कागद त्याच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून सगळं तोंडीच. ती भाकरी थापायची आणि थापण्याच्या तालावर ओळ सांगायची. शेवटून दुसरी ओळ सगळ्यांत अवघड, तीच रोज दहादा.

"म्हणा भावजी, ग र ट, म ल प."

"ग र ट, म ल प. वहिनी, ह्याचा काई अर्थ होतोय का?"

"होतोय की. तुमचा पगार वाढतोय."

महिनाभरात त्याचं असं पाठ झालं की व्हरांड्यात फायली नेतानाही तो पुटपुटायचा, 'हार्न, ग र ट, हार्न, म ल प.' कारकुनांना वाटलं, मुन्शीला वारं लागलं.

तपासणीच्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट घातला. मी दाराशी उभा राहिलो. माझ्या वेळचे डॉक्टर बदलून गेले होते. ते 'ही ओळ वाच' म्हणायचे, आपण वाचायचं, झालं. ह्या नव्या डॉक्टरांनी त्याला डावा डोळा झाकायला लावला आणि हातात छडी घेतली. शेवटून दुसरी ओळ. छडी त्यांनी एकाच अक्षराखाली टेकवली, ओळीच्या डाव्या टोकाला.

"हे कोणतं?"

अक्षर त्याला दिसत नव्हतं. छडी दिसत होती. त्यानं मनात ओळ मोजली आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "प."

तिथं ग होता.

छडी उजव्या टोकाला गेली. तिथं प. हा म्हणाला, "ग." छडी एक घर डावीकडं आली. तिथं ल. "र." एकदाही अडखळला नाही. मी खोकायला पाहिजे होतं, काही तरी पाडायला पाहिजे होतं. मी चौकट धरून उभा राहिलो.

डॉक्टर रागावले नाहीत. हसले. "अहो, अक्षरं सगळी आहेत तुमच्याकडं. फक्त उलट्या बाजूनं आहेत." आणि कागदावर दोन शब्द लिहून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. डॉक्टर चुकले नाहीत. डोळा अधू होताच.

मराठीची ओळ डाव्या हाताकडून सुरू होते, हे त्याला ना बायकोनं सांगितलं ना मी. ते काय सांगायचं असतं? तो रोज आमच्यासमोर फायली पालथ्या ठेवत होता, आणि आम्ही हसत होतो.

परत येताना जीपमध्ये त्यानं विचारलं, "काय चुकलं, उस्ताद?"

मी सांगितलं.

"म्हंजी पाठ बराबर होतं?"

"बराबर होतं."

"मंग वहिनीला सांगा तसं. न्हाईतर त्यांना वाटंल, ह्यानं ध्यान दिलं न्हाई."

ती जागा दुसऱ्याला मिळाली. हा पुन्हा स्टुलावर. आता व्हरांड्यातून येताना हळू म्हणायचा, "सरका जरा." मोठ्या बाबूंनाही ते खटकलं. "मुन्शी, हार्न बिघडला का?" त्यांनी एकदा विचारलं. हा म्हणाला, "बॅटरी उतरली, बाबू." त्यावर कुणी हसलं नाही. स्टुलावर बसला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. थंडी वाजत असल्यासारखा. उन्हाळ्यातसुद्धा.

दोन-तीन वर्षांत डावा डोळाही विझत गेला. फितीचे रंग चुकायला लागले, ह्या टेबलाची फाईल त्या टेबलावर जायला लागली. एक दिवस स्टुलावर दुसराच माणूस दिसला. हा गावाकडं गेला म्हणाले, चुडाव्याच्या बाजूला. निरोप घ्यायला घरी आला नाही. बायको कितीतरी दिवस एक भाकरी जास्तीची थापायची.

पुढं एकदा मी त्या बाजूनं जीप घेऊन येत होतो. गावालगतच्या रस्त्यात मधोमध एक माणूस हातात काठी घेऊन चाललेला. पाठमोरा. खांदा कलता. मी ओळखला. माझा हात आपोआप हार्नवर गेला.

तो थांबला. मान वाकडी करून गाडीचा आवाज ऐकला. मग काठीनं कड चाचपली आणि बाजूला झाला. पार काट्यांत जाऊन उभा राहिला, गाडीला भरपूर जागा ठेवून. मी पुढं गेलो तेव्हा मागून आवाज आला, "दुसऱ्यात टाका, दुसऱ्यात!" कुणालाही सांगावं तसं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिचा हात पिठातच राहिला.

"मंग थांबला का न्हाईत तुमी?"

"साहेब होता मागं," मी म्हटलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

यंदा ती गेली. आता माझी भाकरी मीच थापतो. वाकडीतिकडी होते, पण थापताना तोंडात ती ओळ येते, ग र ट, म ल प. म्हणवून घेणारी नाही, म्हणणाराही नाही. तिला जे सांगायचं राहिलं, ते तुम्हाला सांगतो.

साहेब त्या दिवशी गाडीत नव्हता.