चिमणीचा वेग

मधुकर गेला तेव्हा त्याच्या हातात खेळाचा रिमोट होता, अशी एक गोष्ट आमच्या डोंबिवलीत फिरते आहे. ती साफ खोटी आहे. तो भर दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होता. त्याच्या लेकीचा, मृदुलाचा, फोन आला आणि मी धावत गेलो, तेव्हा परातीतले दाणे अजून तसेच होते. त्याला आता पाच आठवडे झाले. या अवधीत त्याच्याविषयी जे बोलले आणि छापले गेले, त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही.

ठाकुर्ली स्टेशनजवळ मधूचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. मी मानपाड्याच्या एका कारखान्यात फोरमन. कामगारांच्या हातांचा वेळ स्टॉपवॉचने मोजणे ही माझी नोकरी. टीव्हीला जोडायचे खेळ आले, तेव्हा बिघडलेले संच त्याच्याकडे येऊ लागले, आणि संच नीट चालतो की नाही हे पाहण्यापुरता खेळायला बसलेला हा माणूस पुढे उठेचना. त्यांत एक विमानाचा खेळ होता. त्याचे खरे नाव आम्हांला कधीच कळले नाही, कारण कॅसेटवरचे चित्र भलत्याच खेळाचे होते. विमान पडद्यावर चिमणीएवढे दिसे, म्हणून सगळे त्याला ‘चिमणी’ म्हणत. चिमणीच्या आठही लेव्हल एका लाइफमध्ये पार करणारा त्या पट्ट्यात मधू एकटाच. कॉलेजातली पोरे आव्हान द्यायला येत आणि जाताना, “काका, हात दाखवा ना तुमचे, बोटं किती आहेत बघू,” म्हणून जात.

गेल्या वर्षी मृदुलाने ठाण्याहून येताना बापासाठी नवा गेमचा संच आणला. त्यावर एक दुकान असते. जुने खेळ तिथे पुन्हा विकायला काढले आहेत आणि ते घरबसल्या डाउनलोड होतात. ती चित्रे पुढे सरकवत होती तोच मधू ओरडला, “थांब, थांब, थांब! चिमणी!” तीस वर्षांनी त्याला त्या खेळाचे खरे नाव समजले, आणि तासाभरात तो ते विसरलाही. परंतु त्या दिवशी तो पहिल्याच लेव्हलला हरला. मी दर गुरुवारी त्याच्याकडे जात असे. आमच्या शेवटच्या गुरुवारी तो दुसऱ्या लेव्हलपर्यंत पोचला होता आणि तिथे तिन्ही लाइफ घालवून बसला होता. मी म्हणालो, “मध्या, हात गेले रे तुझे.” त्याने रिमोट खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “आणि तुझी जीभ कधी जाणार, दत्ता?” आम्ही दोघेही हसलो... आठ दिवसांनी तो नव्हता.

सोसायटीच्या हॉलमधल्या शोकसभेत आमचे सेक्रेटरी सोमण उभे राहिले. “जो कधी हरला नाही, त्याला अखेरीस दुसरी लेव्हलही ओलांडता आली नाही. काळापुढे सगळ्यांचे हात थकतात.” लोकांनी माना हलवल्या. सोमणांनी तेच सोसायटीच्या पत्रकात छापले. वस्तुतः ते माझेच वाक्य होते, मीच बोलता बोलता त्यांना सांगितलेले, फक्त त्याला कपडे चढवले होते. म्हणूनच ते मला अधिक झोंबले असावे.

पत्रक हाती आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मधूच्या घरी गेलो. सुमनवहिनी बहिणीकडे कल्याणला गेल्या होत्या, मृदुला होती. तिला माळ्यावरचा जुना संच आणि जुना टीव्ही काढायला लावला. मधूच्या हातची यंत्रे, लगेच सुरू झाली. जुनी चिमणी एका पडद्यावर, नवी दुसऱ्यावर. खेळाच्या आरंभीची धून मला घाईत वाटली, म्हणून मी स्टॉपवॉच लावले. जुन्यावर तीच धून साठ सेकंद चालते, नव्यावर पन्नास. मी तीनदा मोजले. आपल्याकडचे संच आपल्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला पन्नास चित्रे दाखवीत, ज्या देशात हा खेळ घडला तिथले साठ. आणि खेळ त्या चित्रांच्या तालावर चालतो. नव्याने विकताना कंपनीने तिथला मूळ, साठचा वेग ठेवला. म्हणजे मधूचे हात थकले नव्हते, त्याच्यापुढची चिमणीच अधिक वेगाने उडत होती.

हा सगळा हिशोब एका कागदावर लिहून मी सोमणांचे दार वाजवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, “साहेब, म्हणजे तेव्हाचा सगळा पराक्रम सोप्या खेळावरचाच म्हणा की!”

कागदाची घडी खिशात घालून मी परत फिरलो. मित्राची बाजू मांडायला गेलो आणि त्याचे होते नव्हते तेही घालवून आलो... चार दिवस मी घरात येरझारा घालत होतो.

वहिनी परतल्यावर मी त्यांच्यासमोर तोच कागद ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. “भाऊजी, ह्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी गाणं ऐकून म्हणाले, हे पळतंय, हा साठवाला आहे. टीव्हीतच जन्म गेला ना त्यांचा! त्या खेळाच्या सेटिंगच्या यादीत सावकाश चालवायची सोय आहे, तीही त्यांनी मला दाखवली.”

“मग मी बोललो तेव्हा मला का नाही सांगितलं?”

“म्हणाले, दत्ताला सांगू नकोस. तो घड्याळ घेऊन येईल, कंपनीला पत्रं लिहील आणि मला धड खेळू देणार नाही.”

“आणि सावकाश का नाही लावलं?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तो खेळ मला येतो गं. हा येत नाही.”

मग त्यांनी नवा संच लावला. खेळ मध्येच थांबवला तर तो तिथल्या तिथे जपून ठेवता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. वहिनींनी मधूचा जपून ठेवलेला खेळ उघडला. वेग साठचाच होता, आणि विमान तिसऱ्या लेव्हलच्या तोंडाशी उभे होते. तिसऱ्या. शेवटच्या गुरुवारनंतरच्या आठ दिवसांत केव्हातरी त्याने दुसरी ओलांडली होती आणि कोणालाही सांगितले नव्हते. सोमणांनी पुढच्या पत्रकात एवढी दुरुस्ती अवश्य छापावी. पराक्रम सोपा होता की अवघड, हा वाद मी सोडून दिला आहे.

गुरुवारी मी अजूनही जातो. माझा वेगळा खेळ सुरू करतो आणि पहिल्याच लेव्हलला हरतो. उठण्यापूर्वी त्याचा खेळ उघडून पाहतो. विमान तिथेच असते, एक लाइफ शिल्लक असते. काल वहिनी म्हणाल्या, “दाबा की, भाऊजी. हरलं तर हरलं!” मी बटणावर अंगठा ठेवला... आणि संच बंद केला.