न सापडलेल्या बायका

दरवर्षी मी वैद्यकीयच्या मुलांना एक वाईट शोधनिबंध वाचायला देते. लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची, झेरॉक्स काढायच्या आणि सांगायचं, यात काय चुकलंय ते शोधा. छापलेलं सगळं खरं मानायची सवय याच वयात मोडावी लागते.

मुलांची उत्तरं ठरलेली. नमुना लहान आहे, पुढील संशोधनाची गरज आहे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. "निबंध न वाचताही हे सांगता आलं असतं," असं मी तोंडावर म्हणते.

निबंध आंजी या गावाच्या आसपासच्या खेड्यांमधला. गरोदर बायकांच्या घरी नियमित जाऊन सल्ला दिला, की नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: काही बायका प्रसूतीनंतर सापडल्या नाहीत, त्यांना मोजणीतून वगळलं आहे.

यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभर ती वर्गात बोललेली मला आठवत नाही.

"मॅडम, ह्या बाया हरवल्या नाई. माहेरी गेल्या असतीन. पहिलं बाळंतपण माहेरीच करतेत ना आपल्याकडे. आन् पहिल्याच लेकराले धोका जास्त राह्यते." तिने त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "माह्या मायचं पहिलं लेकरू अल्लीपूरले गेलं, मामाच्या घरी. ह्या कागदाच्या हिशोबानं ते मेलंच नाई."

एरवी अशा उत्तराला मी शाबासकी देते. त्या दिवशी दिली नाही. हीच चूक मुलांना सापडावी म्हणून मी वर्षानुवर्षं तो निबंध वाटत होते, आणि सापडली तेव्हा मला भीती वाटली.

मी माझ्या प्रतीवरची पट्टी ओढून काढली आणि कागद तिच्या हातात दिला. खाली माझंच नाव होतं.

मग सगळं सांगितलं. त्या पाहणीच्या वर्षी मी स्वतः पोटुशी होते आणि सातव्या महिन्यात माहेरी गेले होते. परत आल्यावर घरोघर फिरले. सासवा दारातच सांगायच्या, "सून माहेरी गेली, बाई." मी पुढचं घर गाठायची. कोणत्या गावी, एवढंही विचारलं नाही. माझी मुलगी मांडीवर झोपलेली असताना मी त्या बायकांपुढे 'सापडल्या नाहीत' असं लिहिलं. पुढे त्या निबंधाच्या जोरावर हेच काम आणखी गावांत गेलं, पण भेटींच्या याद्या सासरच्याच घरांच्या राहिल्या. माहेरी आलेल्या लेकींच्या दारात सल्ला द्यायला कोणी गेलं नाही.

ती विद्यार्थिनी अजून उभीच होती. नाव वाचून तिने कागद बाकावर ठेवला.

"मग नंतर गेलत्या काय तुम्ही, मॅडम? त्या बायांकडे?"

"नाही," मी म्हटलं. "चूक लक्षात आली तोवर निबंध छापून आला होता."