‘तू घे’ म्हणायला बंदी

आमचं गलबत तीनदा बुडालं, आणि तिन्ही वेळा सभ्यपणामुळे बुडालं.

हे गलबत मी लिहिलेल्या खेळातलं. टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ असतो. एक जण गोष्ट चालवतो, म्हणजे समोर काय दिसतंय, वारा कुठून येतोय ते सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण आता काय करणार ते बोलतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. अशा मोहिमा आम्ही कित्येक वर्षं रविवारी दुपारी वर्तकनगरला खेळत आलोय. घर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं. ती आणि तिचा नवरा, विठ्ठलवाडीहून येणारा एक मित्र आणि डोंबिवलीहून येणारा एक, असे खेळणारे चौघं. चालवते मी, कारण दुसऱ्याने चालवलेलं मला सहन होत नाही.

परदेशी पुस्तकांतले किल्ले आणि ड्रॅगन पुरे झाल्यावर मी स्वतःचा खेळ लिहायला घेतला. कोकणातून निघालेलं गलबत वाट चुकतं. माणसं चार, भाकऱ्या तीन. भाकऱ्या म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या. रोज रात्री त्या टेबलाच्या मध्यावर ठेवायच्या. ज्याला हवी त्याने उचलावी. खाईल त्याला दुसऱ्या दिवशी बळ, उपाशी राहील त्याचे फासे कमजोर. दोन दिवसांत संशय, तिसऱ्या दिवशी बंड, असा माझा हिशोब. बंडाचं प्रकरण तर मी आधीच लिहून ठेवलं होतं. बाजारात तुरी!

लिहिलेला खेळ माणसांवर तपासून बघावा लागतो. लोक कुठे अडतात, कुठे कंटाळतात, ते लिहिणाऱ्याने तोंड मिटून बघायचं असतं. तोंड मिटणं माझ्या स्वभावात नाही, तरी मिटलं.

“तू घे,” विठ्ठलवाडीकर मैत्रिणीला म्हणाला.

“छे, तूच घे. वल्हं कोण मारतंय?”

“मी निघतानाच दाबून खाल्लेलं,” तिचा नवरा म्हणाला. “तुम्ही घ्या.”

“आणि माझ्या तांडेलाचा आज शनिवार आहे,” मैत्रीण म्हणाली. गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, ती होती. समुद्रात वाट चुकलेल्या माणसाला वार कसा कळला, ते विचारायची मला सोय नव्हती.

सोंगट्या जागच्या हलल्या नाहीत. सकाळी सगळे उपाशी, वादळ आलं, गलबत तळाला. चौघंही खूश. मग खरोखरचे पोहे आले, आणि बशीतला शेवटचा घास तसाच राहिला, कारण तो कोणी घेईना.

दुसऱ्या वेळी मी खाणाऱ्याचं बळ दुप्पट केलं. तर यांनी भाकऱ्यांचे तुकडे करून सारखे वाटले. सोंगटीचे तुकडे होत नाहीत, असं मी ओरडून सांगितलं. तरी वाटले, आणि अर्धपोटी बुडाले. तिसऱ्या वेळी डोंबिवलीकराने बाकीच्यांना पुरावं म्हणून स्वतःच्या पात्राला समुद्रात उडी मारायला लावली. उरलेल्या तिघांसकट गलबत बुडालंच. मी फासे आपटले.

दुसऱ्या कोणी उडी मारली असती तर मी हसले असते. पण वर्षभरापूर्वी डोंबिवलीकराच्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. आई आधीच गेलेली, भावंडं नाहीत. दिवसा सांभाळायला एक मावशी येतात; त्या गेल्या की सगळं हा बघतो, आणि वर ऑफिस. खेळता खेळता त्याला डुलक्या लागायच्या. बाबांजवळ येऊन बसू का, असं आम्ही प्रत्येकाने विचारून झालं होतं. उत्तर ठरलेलं. “नाही रे, होतंय सगळं. तुम्हाला कशाला उगाच त्रास?”

त्या दिवशी जिना उतरताना तो म्हणाला, “पुढच्या रविवारी शेवटचं. त्यापुढचे रविवार मावशींनी बंद केलेत.”

मला त्याचा भयंकर राग आला. हा माणूस असाच एक दिवस आडवा होणार आणि आडवा होताना आम्हाला सॉरी म्हणणार, असं दिसत होतं. मला भीती वाटत होती, पण भीती वाटली की मी चिडते.

रिक्षा माजिवड्याच्या सिग्नलला अडकली तिथे मी नियम बदलला. तो मित्राच्या भल्यासाठी बदलला म्हटलं तर खोटं होईल. मला माझं बंड हवं होतं. नियम असा: भाकरी कोणी कोणाला द्यायची नाही. ‘मला हवंय’ असं तोंडाने म्हणेल त्यालाच मिळणार. आणि कोणी ‘तू घे’ म्हटलं की एक भाकरी समुद्रात.

पुढच्या रविवारी सगळे जमले. नियम सांगून होतो न होतो तोच विठ्ठलवाडीकर मैत्रिणीच्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “मग तू घे ना.” मी एक सोंगटी उचलून डब्यात टाकली. उरल्या दोन.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मैत्रीण नखं बघत बसली.

“मला हवंय,” डोंबिवलीकर म्हणाला.

त्याने एक सोंगटी उचलली आणि मुठीत धरली. थोड्या वेळाने म्हणाला, “दुसरीपण हवीय.” तीही घेतली.

माझ्या अंगात वारं शिरलं. एवढ्या वेळा गलबत बुडवून शेवटी कोणीतरी हावरटपणा केला होता. आता बाकीच्यांपैकी कोण चिडतं, कोणाच्या पात्राचा हात सुरीकडे जातो, ते मी टक लावून बघत होते.

“आणि मंगळवारी कोणीतरी हवंय,” तो म्हणाला. “मावशी नाहीयेत. मला ऑफिसला जावंच लागणार आहे.”

“गलबतावर मंगळवार नसतो,” मी म्हणाले.

“अगं ए, गप्प बस जरा,” मैत्रीण म्हणाली.

तेव्हा कुठे मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरले होते आणि मूठ अजून घट्ट होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आम्हाला ते जमत नाही. विठ्ठलवाडीकर म्हणाला, “संध्याकाळी मी येत जाईन, आठवड्यातून दोनदा. मला जवळच आहे रे.” मी ज्या दुकानात काम करते ते मंगळवारी बंद असतं, म्हणून मंगळवार माझा ठरला. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, “आणि रविवारी आपणच डोंबिवलीला जाऊ. गलबत काय, कुठेही बुडेल.”

नियम सपशेल फसला. त्याने दोन्ही भाकऱ्या घेतल्या आणि गलबतावर एकही माणूस चिडला नाही. बंडाचं प्रकरण मी काढून टाकलं.

मंगळवारी मी डोंबिवलीला पोचले तेव्हा मित्र बूट घालूनच उभा होता. औषधं दाखवून तो पळाला. काकांना बोलता येतं, पण शब्द उशिरा येतात. आम्ही दोघं खिडकीशी बसलो. मी त्यांना चहा करून दिला, मित्राने काढून ठेवलेल्या दोन नानकटाया बशीत ठेवल्या. त्यांनी डाव्या हाताने बशी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“घे,” ते म्हणाले.

“नको काका, मी आत्ताच खाऊन आलेय.”

मी सकाळपासून काहीही खाल्लं नव्हतं. वाक्य तोंडातून आपोआप गेलं होतं. काकांचा हात थरथरत होता, बशीत नानकटाया वाजत होत्या, पण हात मागे जात नव्हता.

“हवीय,” मी म्हटलं, आणि एक उचलली.

मग काकांनी दुसरी घेतली.