घरगुती कारण

मुलींचा कबड्डी संघ बाहेरगावी जाताना सोबत एक बाई असावी, असा आमच्या कॉलेजात नियम होता. ती बाई मी. शिकवायचे अर्थशास्त्र, खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घरी लहान मूल नाही, सासूसासरे नाहीत, म्हणून जिमखान्याच्या उपाध्यक्षपदावर माझं नाव घातलं गेलं ते सहा वर्षं तसंच राहिलं. मला ते आवडायचंही. बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची असायची.

संघ घडवला होता आमच्या क्रीडाशिक्षकांनी. सरावात चूक झाली की ते मुलींच्या पोटऱ्यांवर छडी मारत. एखादी रडली तर बाकीच्यांना तिच्याकडे बघून हसायला लावत. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून हे बघायचो आणि याला शिस्त म्हणायचो. प्राचार्यांच्या केबिनमधलं कपाट त्यांनी आणलेल्या ढालींनी भरलं होतं, त्यामुळे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

वालावलची एक मुलगी त्या संघात चढाई करायची. शेवटच्या वर्षाला होती. वडिलांची थोडी भातशेती, काजूची झाडं. सकाळच्या पहिल्या एसटीने येऊन सरावाला उभी राहायची. विभागीय स्पर्धेला आठ दिवस असताना ती माझ्याकडे आली. स्टाफरूम रिकामी होईपर्यंत दाराबाहेर थांबली होती.

"मॅडम, वजन करूक माका त्या खोलयेत एकटीक जावचा नाय," ती म्हणाली.

का, असं मी विचारलं. स्पर्धेला वजनाची मर्यादा असे, त्यासाठीचा काटा मैदानामागच्या सामानाच्या खोलीत होता आणि सर एकेकीला आत बोलावत, एवढं मला माहीत होतं.

"सर दार लावन घेतत. वजनाच्या निमतान हात लावतत. माकाच नाय, सगळ्यांका."

मला सगळं कळलं. कळलं नव्हतं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं, म्हणून इथे लिहून ठेवते की त्याच क्षणी कळलं. मी तिला म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग बघू. आठ दिवस कळ काढ. ती निघून गेली.

मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, लेखी आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्ही काही ऐकलं नाही आणि मीही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी ती लेखी अर्ज घेऊन आली. वहीचं पान, सुवाच्य अक्षर. खोली, दार, हात, सगळं स्पष्ट लिहिलेलं. मी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तिला कोरा कागद दिला. समजावलं, की हे गावात गेलं तर तुझंच नाव खराब होईल, लग्न जमणार नाही, बाकीच्या मुलींचंही वर्ष जाईल. मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली: घरगुती कारणास्तव मला संघातून मुक्त करावे, ही नम्र विनंती. 'विनंती'तली वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त करायला लावली.

पहिला अर्ज मी घरी गेल्यावर चुलीत घातला.

संघ तिच्याशिवाय जिंकला. सरांनी मुलींना सांगितलं की ती कोणाच्यातरी नादी लागून खेळ सोडून गेली. ते गावापर्यंत पोचलं. महिन्याभरात तिचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले. एरवी मालवणीत बोलणारा माणूस, पण माझ्यासमोर जपून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मॅडम, मुलीचं काय चुकलं, तेवढं सांगा."

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, शिस्त कमी आहे. त्यांनी तिथेच तिच्या थोबाडीत मारली. मी खुर्चीतून उठले नाही. ती परीक्षेला बसली नाही.

दोन वर्षांनी शिरोड्याच्या एका खेळाडूने आमच्याकडे यायची चूक केली नाही. ती आईला घेऊन सरळ पोलिसांत गेली. सरांना अटक झाली, कॉलेजने चौकशी समिती नेमली. आधी कधी तक्रार आली होती का, असं समितीने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. प्राचार्यांनी फाइल पुढे केली. वालावलची मुलगी संघ सोडून गेली ती घरगुती कारणाने, हे तिच्याच अक्षरात होतं. माझा जबाब लिहून झाला, मी सही केली. प्राचार्य वर्षअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक केलं.

त्यानंतर मला झोप येईना. एका रविवारी मी वालावलला गेले. ती अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. लग्न झालं नव्हतं. मला माफी मागायची आहे, असं मी म्हटलं. तिने मान वर केली नाही.

"माफी मागूक इलास, की आणखी कायतरी लिवन घेवक?"

मग ती सावकाश म्हणाली की माफीचं तिला काही करायचं नाही, शिरोड्याच्या मुलीची केस उभी आहे, तिथे जाऊन खरं सांगा. आणि आत निघून गेली. पाणीही विचारलं नाही.

मी सरकारी वकिलांना भेटून साक्षीला नाव दिलं आणि तारखेला कोर्टात गेले. उभं राहून सगळं सांगितलं, चुलीतल्या अर्जासकट. सरांच्या वकिलाने आवाजही चढवला नाही. समितीपुढचा माझा सही केलेला जबाब त्याने मला वाचायला लावला. मग विचारलं, बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय? तेव्हा, मी म्हणाले. म्हणजे सोयीप्रमाणे तुम्ही खोटं बोलता, तो म्हणाला, आणि बसला. खरं सांगायला मी आले होते आणि माझ्यामुळे त्या मुलीचीच बाजू लंगडी पडली, हे मला पिंजऱ्यातून खाली उतरताना कळलं.

बाहेर व्हरांड्यात शिरोड्याची मुलगी आईजवळ बसली होती. मी समोर थांबले. आई म्हणाली, "तुमी येवक नको होतास."

सरकारी वकिलांनी पुढची तारीख सांगितली ती मुलीने मोबाइलमध्ये नोंदवली आणि दोघी एसटी स्टँडकडे चालू लागल्या. केस अजून चालू आहे. सर जामिनावर बाहेर आहेत. मी अजून शिकवते.