पूर्ण केलेला अध्याय

माझ्या अबोलपणाचे लोकांनी आजवर कौतुकच केले आहे. ऑफिसात, नातेवाइकांत, इथल्या आमच्या पारायण मंडळात, सगळीकडे ‘शांत माणूस’ हीच माझी ओळख. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही हा गुण देवाने दिलेला वाटत असे. आता तसे खात्रीने म्हणवत नाही. लिहिण्याची मला सवय नाही आणि पन्नाशी उलटल्यावर प्रथमच असे काही कागदावर उतरवताना संकोच वाटतो. तरी पत्नीला, वासंतीला, मी विचारले. ती म्हणाली, “लिहा. पण मला बिचारी करू नका.” तेवढी एक अट सांभाळून लिहितो आहे.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. त्यांतली तेवीस बहरीनमध्ये गेली. आधी बुसैतीनला एका खोलीत आणि नंतर सनाबिसच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. वासंती मायाळू, हसरी आणि हाताला विलक्षण चव असलेली बाई आहे. पण तिच्या मनाचे हवामान क्षणात पालटत असे. मंडळातली एखादी मैत्रीण आठवडाभर तिला सख्ख्या बहिणीहून जवळची वाटे. तिने एक फोन उचलला नाही की तीच मैत्रीण वैरीण होई. मला सीफ भागातल्या ऑफिसातून निघायला वीस मिनिटे उशीर झाला तर दहा फोन येत. घरी पोहोचल्यावर ती रडत म्हणे, “तुम्ही मला सोडून जाणार आहात, मला कळतं.” तासाभराने तेच रडणे संतापात बदले, भांडी आपटली जात, आणि त्यानंतर ती दोन दोन दिवस स्वतःचा इतका तिरस्कार करी की ते पाहवत नसे. एकदोनदा तिने स्वतःच्या हाताला इजाही करून घेतली. आम्ही ते कुणालाही कळू दिले नाही.

हा आजार असेल, असे माझ्या मनात आले नाही. मी शिकलेला माणूस. रक्तदाबाची गोळी न चुकता घेणारा. पण मनाच्या बाबतीत मी ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण पुरेशी मानली. मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांजवळ मन मोकळे केले तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही गप्प राहा हो. एका हाताने टाळी वाजत नाही.” मला तो उपदेश फार आवडला, कारण तो माझ्या स्वभावाच्या सोयीचा होता. मी गप्प राहू लागलो. ती चिडली की मी देवघरात जाऊन माळ घेत असे. ती जितकी मोठ्याने बोले, तितकी माझी माळ सावकाश फिरे. आपण क्रोध जिंकला, असे मला वाटे. आमची मुलगी तेव्हा इथे शाळेत होती. तिला मराठी कळते, पण ती उत्तर इंग्रजीतच देते. एकदा तिने देवघराच्या दारात उभी राहून मला म्हटले, “बाबा, शी जस्ट वॉन्ट्स यू टु से समथिंग. एनिथिंग.” मी बोटाने ओठांवर खूण केली. माझी माळ चालू होती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी घरी सात दिवसांचे पारायण मांडले. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली होती आणि घरात आम्ही दोघेच होतो. आमच्याकडे पारायणाचे नियम कडक असतात: अध्याय सुरू झाला की आसन सोडायचे नाही, मध्ये कुणाशी बोलायचे नाही. या वेळी मी त्यात माझी भर घातली. सातही दिवस सूर्यास्तापर्यंत पोथीव्यतिरिक्त एक शब्द उच्चारायचा नाही, असा संकल्प सोडला. घरात शांती नांदावी, हा पारायणाचा हेतू होता. वासंतीसाठीच मी हे करत होतो, आणि तसे तिला कागदावर लिहूनही दाखवले होते.

सहावा दिवस शुक्रवारचा होता. सकाळपासून तिने सोवळ्याने पुरणाचा स्वयंपाक केला. दरम्यान कुणीतरी तिला हळदीकुंकवाला बोलवायचे विसरले, असे तिला कळले. दुपारचा अध्याय मी नुकताच सुरू केला होता. ती दारात आली. पहिल्यांदा ती हळू बोलली, मग आवाज चढला, आणि मग एकदम अगदी खाली आला. “सगळे मला टाकतात,” ती म्हणाली. “तुम्ही काही बोलू नका. पण एकदा माझ्याकडे बघा तरी.”

मी पोथीच्या ओळीवरचे बोट पुढच्या ओळीवर नेले.

बाहेरचे दार लागल्याचा आवाज मला आला. हे मी लपवणार नाही. तो आवाज मला स्पष्ट आला होता. येईल थोड्या वेळाने, असे मनाला सांगितले आणि वाचत राहिलो. शेजारी पालथा ठेवलेला फोन थरथरत होता, त्याकडेही पाहिले नाही. अध्याय पूर्ण झाला. आरती केली, नैवेद्य दाखवला, पाणी फिरवले, नमस्कार केला. मग फोन उलटा केला. तिच्या नावाचे बारा फोन येऊन गेले होते.

मी फोन लावला. पलीकडून अनोळखी बाईचा आवाज आला. “हॅलो. हॅलो, बोला ना.” आणि इथे मी जे केले ते सांगायला आजही जड जाते. मी बोललो नाही. सूर्यास्ताला अजून अवकाश होता आणि संकल्प मोडावा की नाही, याचा मी विचार करत होतो. दोन किंवा तीन श्वासांइतकाच वेळ गेला असेल. माझ्या आयुष्यातले तेवढे श्वास मला परत मिळाले तर फार काही मागणे उरणार नाही.

“भाऊ, ऐकू येतंय का?” ती बाई म्हणाली. “मी जुबेदा. श्रीवर्धनची. फोनमध्ये नाव ‘अहो’ लिहिलंय, म्हणून म्हटलं हाच नवरा असणार. तुमची बायको माझ्याजवळ बसलीये, बुसैतीनच्या किनाऱ्यावर. बरी आहे. पण तुम्ही या. यल्ला, वेळ लावू नका.”

गाडी चालवताना मी देवाचे नाव घेत होतो की नाही, मला आठवत नाही. किनाऱ्याच्या त्या भागात, आमच्या जुन्या खोलीपासून थोड्या अंतरावर, दगडांच्या रांगेपाशी दोघी बसल्या होत्या. पन्नाशीची, काळ्या पायघोळ अबायातली जुबेदाआपा, आणि तिच्या खांद्याला टेकलेली वासंती. वाऱ्याने थंडी वाढली होती. जुबेदाआपाची शाल वासंतीच्या अंगावर होती. मला पाहून वासंती उठली नाही. तिने फक्त विचारले, “अध्याय पूर्ण झाला?”

मी मान हलवली.

“बरं झालं,” ती म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

जुबेदाआपा मला चार पावले बाजूला घेऊन गेली. ती मुहर्रकला एका दुकानात अबाया शिवते. दर शुक्रवारी तिची बहीण तिला गाडीतून घेऊन जाते, पण त्या दिवशी गाडी बिघडली म्हणून ती पायी घरी निघाली होती. वाटेत तिला किनाऱ्यावर बायकांच्या चपलांचा जोड दिसला, देवळाबाहेर ठेवावा तसा नीट, शेजारी शेजारी. “अशा चपला कुणी फिरायला आलेलं काढून ठेवत नाही, भाऊ. मी पुढं पाहिलं तर ही दगडांवर, पाण्याशी उभी. मराठीत बोलत होती, एकटीच. मी पण मराठीतच म्हटलं, बाय, पाणी थंड आहे, इकडं ये.”

“तुम्ही तिला काय समजावलंत?” मी विचारले. त्या दिवशी पोथीबाहेरचे माझ्या तोंडचे पहिले वाक्य हे होते.

“मी काय समजावणार? मी कपडे शिवणारी. ती बोलली, मी हं हं केलं. दर थोड्या वेळानं ती विचारायची, तुम्ही जाणार का? मी म्हणायचे, नाही जात. परत विचारायची, परत सांगायचे. तिला तेवढंच हवं होतं बघा.” मग समुद्राकडे पाहत ती म्हणाली, “माझा भाऊ असाच होता. आम्ही सगळे गप्प राहायचो, बोललं तर भडकेल म्हणून. एक दिवस घर सोडून गेला तो गेला. खलास. अजून पत्ता नाही.”

एवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग आली. सूर्य बुडाला होता. माझे मौन आता नियमानेही संपले होते. जुबेदाआपाने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सहज म्हणाली, “आज माझी अस्रची, दुपारची नमाज राहिली. मशीद दोन पावलांवर होती, पण हिचा हात सोडवेना. आता घरी जाऊन राहिलेली ती कझा म्हणून पढते. तो समजून घेईल, इंशाल्ला.”

मी त्या पुण्यवान बाईकडे पाहत राहिलो. त्या दुपारी मी जो अध्याय वाचला होता, त्यात भक्ताची हाक ऐकून भरल्या ताटावरून उठून धावणारा देव होता. त्या ओळी मी खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता वाचल्या होत्या. हाक मात्र माझ्या दारात आली होती, आणि मी आसन सोडले नव्हते. जिने आपली उपासना बाजूला ठेवली, ती माझ्या पोथीतले एक अक्षरही न वाचलेली बाई होती. बहिणीची गाडी का बिघडली, ती नेमकी त्याच वाटेने का गेली, या प्रश्नांची उत्तरे मी शोधत नाही. मला एवढेच कळते की मी पाटावर बसून ज्याला बोलावत होतो, तो तेव्हा किनाऱ्यावर वासंतीचा हात धरून बसला होता.

जुबेदाआपाच्या दुकानात एक डॉक्टरीण कपडे शिवून घेत असे, मनाची डॉक्टरीण. जुबेदाआपाने तिचा नंबर मिळवून दिला. डॉक्टरीणबाई केरळच्या, आमच्याशी हिंदीत बोलत. दोनतीन भेटींनंतर त्यांनी सांगितले की याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. हा हट्ट नाही, नाटक नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. वासंती सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला मामाकडे ठेवले, “दोन दिवसांत येतो” म्हणून. ते तीन वर्षांनी आले. ही गोष्ट मला लग्नापासून ठाऊक होती. तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कारण एकच नसते, आणि कुणा एकाला दोषी धरून उपचार होत नाहीत. मग त्यांनी मला विचारले, “ती फार अस्वस्थ होते तेव्हा तुम्ही काय करता?” मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, “मी शांत राहतो. नामस्मरण करतो.” त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवले. “आणि त्यातून तिला काय ऐकू येतं?” वासंती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. उत्तर तिने दिले. ती म्हणाली, “दोन दिवसांत येतो.”

आज ती पूर्ण बरी झाली आहे, असे मी म्हणणार नाही. दर आठवड्याला ती त्या भेटीला जाते. मनात वादळ उठते आहे हे ओळखायला आणि ते सांगायला ती शिकली आहे, आणि हे शिकणे किती कष्टाचे आहे ते मी जवळून पाहतो. माणूस यातून सावरतो, वेळ लागतो, असे डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि आता माझाही त्यावर विश्वास बसू लागला आहे. मीही शिकतो आहे. “मी आहे. आत्ता मीटिंगमध्ये आहे, पाच वाजता फोन करतो,” एवढे वाक्य वेळेवर बोलणे, आणि पाच वाजता खरोखर फोन करणे. जी चोवीस वर्षे मी तिला मौनाच्या दाराबाहेर उभे केले, ती मात्र मला भरून देता येणार नाहीत. ती खंत मी कुठल्याही देवापुढे ठेवून मोकळा होऊ इच्छित नाही. ती माझ्याजवळ असलेली बरी. जुबेदाआपाचा दर शुक्रवारी वासंतीला फोन येतो. दोघी तासभर माशांच्या कालवणावर वाद घालतात.

पारायण मी सोडलेले नाही. देवघराचे दार उघडे ठेवून वाचतो. त्या वर्षीचा सातवा दिवस राहून गेला, आणि त्यानंतर सात दिवसांचे पारायण मला सात दिवसांत कधी पूर्ण करता आलेले नाही. मागच्या खेपेस एकोणीस दिवस लागले. पूर्वी शरणागती म्हणजे नियम तंतोतंत पाळणे असे मला वाटे. आता वाटते की हाक आली असता आपला नियम देवाच्या पायाशी ठेवून उठता येणे, हीही शरणागतीच असेल. मी अधिकारवाणीने सांगत नाही. मला ते फार उशिरा कळले, इतकेच.

गेल्या शुक्रवारी अध्याय ऐन रंगात होता आणि स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, जरा येता का?” मी पोथीवर तुळशीचे पान ठेवले आणि उठलो. वासंती ओट्याला टेकून उभी होती. गॅसवर चहाचे आधण होते.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “येता का, ते बघितलं.” मग तिने विचारले, “अध्याय पूर्ण झाला?”

“नाही. राहिलाय.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि आधणात आणखी एक कप पाणी घातले.