भलतीकडे बघणारा मामा

माझ्या ब्लॉगवर सिनेमातल्या चुकांची एक यादी आहे. बाकीचं मी कितीही जीव तोडून लिहिलं तरी लोक येतात ते तीच यादी वाचायला. त्यात सोळा नंबरला एक लग्न आहे. नव्वदीतला तुफान चाललेला सिनेमा. नाव देत नाही, कारण मागे एका हिरोचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या चाहत्यांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला होता. तर हिरोइन बोहल्यावर उभी आहे, समोर अंतरपाट, मंगलाष्टका चालू, सगळं गाव तिच्याकडे बघतंय आणि तिच्या पाठीशी उभा राहिलेला मामा भलतीकडेच बघतोय. तोही एकदा नाही, अख्ख्या सीनभर. काखेत प्लॅस्टिकची पिशवी. मी खाली लिहिलं होतं, ‘मामा भाड्याने आणला, पण लग्न कुठल्या बाजूला आहे ते त्याला सांगायचं राहिलं.’ माझ्या मते हे फार भारी वाक्य होतं.

एप्रिलमध्ये त्यावर कॉमेंट आली. ‘तुम्ही वाई म्हणून छापलंय. ते शूटिंग ओतूरजवळच्या मढचं. मामा अजून धडधाकट आहे. येऊन तोंडावर हसून दाखवा.’ खाली सही, मढकर.

मला काम नव्हतं. म्हणजे होतं, कुरिअरचं, पण ते सोडायला मी कारणच शोधत होतो.

शिवाजीनगरहून सकाळची नाशिक गाडी धरली. कुणी जाणार असेल तर डावीकडे बसा, उजवीकडे दुपारपर्यंत ऊन भाजतं. मंचरला गाडी थांबली, मी पाय मोकळे करायला उतरलो. स्टँडबाहेर एक रंगारी भिंतीवर बियाण्याची जाहिरात रंगवत होता आणि त्याने टोमॅटोला डोळे काढले होते. आता हा नाक काढतो की नाही ते बघत उभा राहिलो. त्याने मिशा काढल्या. तोवर गाडी गेली. पुढे काळीपिवळीने नारायणगाव, चालक धरून चौदा माणसं. माझ्या मांडीवर एका आजींची कोंबडी होती आणि तिला माझ्यापेक्षा ऐसपैस जागा होती.

नारायणगावात मिसळ खाल्ली. तर्री मागून घेऊ नका, ती न मागताच पुरेशी असते. मग वारूळवाडीच्या बाजूला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात त्या सिनेमाची व्हीसीडी मिळाली. दुकानदार शेठ तिसऱ्या पिढीचे मारवाडी, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. भाड्याने देऊन देऊन झिजलेला दोन डिस्कचा संच त्यांनी मला साठ रुपयांत दिला. म्हणाले, ‘पहिली डिस्क नव्यासारखी आहे, मारामारी तिच्यात. लग्न दुसरीत. ती अडकेल. बायका मागे घेऊन घेऊन बघतात.’

मुक्काम ओतूरला, एका लॉजवर. डास फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढ. डोंगर अगदी अंगावर येतात आणि खाली धरणाचं पाणी. एप्रिल असल्याने पाणी बरंच आत सरकलेलं. फाट्यावर चहा घेत सहज विचारलं, इथे शूटिंग झालं होतं का हो? पुढचा एक तास मी बाकावरून उठू शकलो नाही.

ज्यांना पडद्यामागचं ऐकायची हौस आहे त्यांच्यासाठी ऐकलं तसं देतो. बैलगाडीतल्या गाण्यात हिरो बैलांना इतका घाबरायचा, की बैल सोडून गाडी ट्रॅक्टरने ओढली. बैल दिसतात ते वेगळे घेतलेत, त्यांचा मालक माझ्या शेजारीच बसला होता आणि बैलांचे क्लोजअप किती ते बोटांवर मोजून दाखवत होता. हिरोइनचं घर म्हणजे शाळा, पाटी उलटी करून. ज्याने सबंध सिनेमात गाव पेटवायचा चंग बांधलाय तो व्हिलन लई देवमाणूस, चहावाल्याच्या आईच्या रोज पाया पडायचा. आणि तो प्रसिद्ध पाऊस द्राक्षावर फवारणी करायच्या पंपाने पाडलेला. टाकी नीट धुतली नव्हती. त्या गाण्यात हिरो ज्या स्टाइलने मान खाजवतो आणि पुढे वर्षभर कॉलेजची पोरं तशी खाजवत फिरत होती, ती खरी खाज होती.

मी लिहून घेत होतो. मामाचं नाव काढलं तशी बैलवाल्याने मोजती बोटं मिटली. चहावाला म्हणाला, ‘बबनमामाला त्यातलं इचारू नका, पावणं. सिनेमापायी त्याची बहीण तुटली.’

म्हटल्यावर मी विचारायलाच गेलो.

बबनमामा घरामागे कांद्याच्या बराखीत कांदे निवडत बसले होते. साठीचे असतील. मी ब्लॉग म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. ‘पेपर का?’ म्हणाले. साधारण तसंच. ‘छापून आलंय का माझं?’ मी हो म्हणालो आणि काय छापून आलंय ते सांगितलं नाही. सडके कांदे बाजूला टाकायला लागलो.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी बहिणीच्या गावी, डिंगोऱ्याला, त्यांच्या थोरल्या भाचीचं लग्न होतं, साडेबाराचा मुहूर्त. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. मामा पांढराशुभ्र पोशाख, फेटा, काखेतल्या पिशवीत भाचीचं पातळ, असे रस्त्याला लागले, तर सिनेमावाल्यांनी रस्ता अडवलेला. जीपा नाहीत, एसट्या नाहीत. आणि त्यांच्या सिनेमातला मामा मुंबईहून आलाच नव्हता. कुणाची तरी नजर यांच्या फेट्यावर गेली.

‘मला म्हनले, एक शॉट उभं ऱ्हा. झाला की रस्ता खुला, आन् आमचीच गाडी तुमाला सोडंल. मी म्हनलं, एकच ना? चालत गेलो तर दोन तास. उभं ऱ्हायलो तर धा मिन्टं.’

‘मग?’

‘अकरा येळा लावलं त्यांनी ते लग्न. कधी त्यो हिरो हसायचा, कधी ढग यायचा.’

मामा डिंगोऱ्याला पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. नवरदेवाचा एक चुलता नवरीच्या पाठीशी उभा केला होता. हौसाक्कांनी, म्हणजे मामांच्या बहिणीने, भावाच्या कपाळावरचा मेकअप बघितला आणि पातळाची पिशवी मंडपाबाहेर ठेवली. ‘माझ्या पोरीला सोडून नटीचा मामा व्हायला गेला,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही. आणि आता आठ दिवसांवर धाकटीचं लग्न आलंय, मनीषाचं. मढमध्ये घरटी पत्रिका आली. मामाला नाही.

‘तुमी सिनेमा बघितला का कधी?’ मी विचारलं. इकडे राहिलं की ‘तुम्ही’तला ह आपोआप गळतो.

‘त्याचं तोंड न्हाई बघत मी.’

म्हणजे ते भलतीकडे बघतायत हे मामांना माहीतच नव्हतं. अक्कांनीही सिनेमा घरात येऊ दिला नव्हता. अख्ख्या महाराष्ट्राने ती चूक बघितली होती, फक्त या दोघांनी नाही. माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मी विचारलं, त्या दिवशी उभं राहिलात तिथून डिंगोऱ्याचा रस्ता कुठे येतो? मामांनी मला देवळापुढच्या पारावर नेलं आणि जिथे उभे होते तिथे उभे राहिले. हात केला तो उजवीकडे खाली. मी सोळा नंबरची चूक शंभर वेळा बघितली आहे. तीच दिशा.

मी खिशातून व्हीसीडी काढली.

मामा यायला तयार नव्हते. कांदे पडलेत, पायात कळ आहे, अक्का कुत्रं सोडंल. शेवटी मी ब्लॉगवर काय लिहिलंय ते सांगून टाकलं. त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. म्हणाले, ‘मंग तुमीच चला. मार पडला तर आर्धा तुमाला.’

डिंगोऱ्यात लग्नघराच्या अंगणात पापड वाळत होते. मामा फाटकाबाहेरच थांबले. हौसाक्का दारात आल्या, भावाकडे बघितलंच नाही, मला विचारलं, कोण आपण? मी म्हटलं, पुण्याहून आलोय, पाच मिनिटं टीव्ही लावू द्या. त्या म्हणाल्या, लाइट एक वाजता जाते आणि आमच्याकडे प्लेयर नाही. आतून मनीषा बाहेर आली. रुखवतात मांडायच्या भांड्यांच्या ढिगावर एक नवं कोरं खोकं होतं, मुलीला द्यायचा व्हीसीडी प्लेयर. अक्का नको नको म्हणेपर्यंत तिने विळीवर त्याची चिकटपट्टी कापली. ‘माझाच हाय ना,’ म्हणाली.

एक वाजायला वीस मिनिटं होती. दुसरी डिस्क घातली. पुढे ढकलायला गेलो तर ती मागे गेली. पापड लाटणाऱ्या सात-आठ बायका लाटणी घेऊन आत आल्या. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभ्या, पण दार सोडेनात. मामा फाटकावरच.

लग्न आलं. हिरोइन, अंतरपाट, मंगलाष्टका. आणि शेठ म्हणाले होते तसं, डिस्क अडकली. हिरोइनच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले, भटजी अर्धा गेला, आणि पडद्यावर धड असे एकटे मामा राहिले. मान उजवीकडे वळलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि काखेत पिशवी अशी आवळलेली की जणू कुणी हिसकावून नेणार आहे.

एक बाई म्हणाली, हा कुठं बघतोय गं? मी सांगितलं. मढच्या पारावरून तिकडे डिंगोऱ्याचा रस्ता आहे.

अक्का वळल्या होत्या. टीव्हीजवळ आल्या, इतक्या जवळ की आम्हाला काही दिसेना. डिस्क कर्र कर्र करत होती. मनीषा बंद करायला गेली तर अक्कांनी तिचा हात धरला.  मग एक वाजला आणि लाइट गेली, आणि त्या फाटकाकडे गेल्या.

‘त्या पिशवीत पोरीचं पातळ व्हतं?’

‘व्हय.’

‘कुठंय?’

‘ट्रंकंत हाय. तसंच.’

‘घेऊन ये. थोरली येनार हाय, तिला नेसू दे.’ मामा आत पाऊल टाकणार तर त्यांनी हात आडवा धरला. ‘आन् ऐक. हळदीच्या आदल्या दिशी यायचं. लगीन लागंस्तवर अंगणाबाहेर पाय ठेवलास तर बांधून घालीन. फेटा हितंच बांधायचा. फेटा घालून रस्त्यानं फिरायचं न्हाई.’

मामा म्हणाले, ‘लघवीला?’

‘मनीच्या बापाला संगं घेऊन जायचं.’

बायका हसून हसून लाटण्यांवर कोसळल्या. मामांनी उपरण्याने तोंड पुसलं ते बराच वेळ पुसतच राहिले. आम्हाला जेवायला बसवलं, पिठलं, भाकरी आणि लग्नाचे कच्चे पापड. मार पडला नाही, पण अक्का वाढताना मला म्हणाल्या, ‘तुमीच का ते, माझ्या भावाला भाड्याचा म्हननारे?’ मामांनी फाटकावर उभ्या उभ्या कुणाला तरी सांगितलं होतं वाटतं. तिसरी भाकरी मी मुकाट्याने खाल्ली.

लग्नाला मी गेलो नाही. बोलावलं होतं, पण त्या दिवशी भलत्याच गाडीत बसून मी नगरला पोचलो, ती गोष्ट वेगळी. मामा मात्र होते. चहावाल्याने फोनवर सांगितलं, पाठीशी असे ताठ उभे, आणि नवरीकडे इतकं टक लावून बघत होते की फोटोवाल्याला सांगावं लागलं, मामा, जरा इकडं बघा.

कुणाला जायचं असेल तर पुण्याहून एका दिवसात जमतं, पण एक मुक्काम करा. मढच्या पारावर उभे राहून उजवीकडे खाली बघा. बघण्यासारखं काही नाही, नुसता रस्ता आहे.

घरी येऊन यादी दुरुस्त करायला बसलो. वाईचं मढ केलं, सोळा नंबर काढून टाकला. मग सतरावर आलो. एक लढाईचा सिनेमा, राजा भाषण करतोय, सगळं सैन्य तलवारी उंचावून ओरडतंय, आणि तिसऱ्या रांगेतला एक मावळा शेवटपर्यंत स्वतःच्या पायाकडे बघतोय. यावर मी तीन वर्षांपूर्वी फार भारी वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही. त्याच्या पायाला काय झालं होतं, मला माहीत नाही.